छायेतली प्रेयसी

मराठी विज्ञानकथेत परग्रहावरची स्त्री पृथ्वीवरच्या पुरुषाशी पहिले वाक्य बोलते तेव्हा ती बहुधा प्रमाण मराठी बोलते. तिच्या मनगटावर किंवा कानामागे एक भाषांतरयंत्र असते. त्याच्या उल्लेखासाठी लेखक एक वाक्य खर्च करतो, फार तर दोन. त्यानंतर ते यंत्र कथेतून जे नाहीसे होते ते पुन्हा दिसत नाही. मग दोन संस्कृतींची टक्कर, ग्रहनिष्ठा आणि प्रीती यांचे द्वंद्व, यानाच्या काचेआडचा निरोप हे सारे यथासांग पार पडते आणि समीक्षक समाधानाने लिहितो की विज्ञानकथेला अखेर मानवी आशय लाभला. या समाधानाला आधार कोणता, हे तपासले गेलेले नाही. ज्या दोघांना एकमेकांचे पहिलेच वाक्य बिनचूक कळले त्यांच्या संस्कृती भिन्न आहेत हे वाचकाने कोणत्या पुराव्यावर मान्य करायचे? त्वचेचा निळसर रंग, हाताला तीन बोटे आणि आकाशात दोन सूर्य हा पुरावा होत नाही. ती रंगभूषा झाली. संस्कृती नात्यांच्या नावांत राहते, कोणी कोणाला काय म्हणून हाक मारायची या नियमात राहते, काय बोलायचे नाही याच्या संकेतात राहते. यंत्राने ते सारे पुसून टाकल्यावर उरतात ते दोन समभाषिक, समशिक्षित तरुण जीव, ज्यांच्या लग्नाला घरून विरोध आहे. हे कथानक मराठी कादंबरीने शंभर वर्षे चालवले. त्यासाठी प्रकाशवर्षे ओलांडण्याचे कारण नव्हते.

या दोषाचे मूळ लेखकाच्या कुवतीत शोधणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे ठरेल. मराठी विज्ञानकथेला साहित्यात प्रतिष्ठा मिळाली ती १९७४ नंतर. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि आद्याक्षरे उलटी करून घेतलेल्या त्या नावामागे जयंत नारळीकर असल्याचे पुढे उघड झाले. त्याच नारळीकरांना २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले आणि २०२५ साली ते निवर्तले तेव्हा त्यांच्या कथालेखनाची नोंद शास्त्रज्ञाचा फावल्या वेळचा छंद म्हणून कोणी घेतली नाही. मधल्या अर्धशतकात या साहित्यप्रकाराकडून समीक्षेने दोनच गोष्टी मागितल्या: विज्ञान बिनचूक असावे आणि पात्रे ‘हाडामांसाची’ असावीत. पहिल्या मागणीची तपासणी होऊ शकत होती. चुकीचा वेग किंवा चुकीचे तापमान लिहिले तर कोणीतरी पत्र पाठवून ते दाखवून देत असे. दुसऱ्या मागणीची तपासणी कोणी केली नाही. कथेत प्रेम आले म्हणजे पात्र हाडामांसाचे झाले असे धरून चालण्याची रूढी पडली. प्रेमकथा ही कडू गोळीवरची साखर ठरली आणि साखरेचे रासायनिक पृथक्करण करण्याची कोणाला गरज वाटली नाही.

नारळीकरांच्याच ‘वामन परत न आला’ (१९८६) या कादंबरीशी तुलना केली की हा भेद स्पष्ट दिसतो. तिथे जमिनीखाली सापडलेला एका लुप्त, प्रगत संस्कृतीचा ठेवा आहे आणि त्याचा अर्थ लावणे हाच कथानकाचा कणा आहे. अर्थ उशिरा लागतो, अपुरा लागतो आणि त्या अपुरेपणातूनच संकट उभे राहते. म्हणजे मराठी विज्ञानकथेला परसंस्कृतीचे दुर्बोधपण हाताळता येत नाही असे मुळीच नाही. यंत्र समजून घ्यायचे असते तेव्हा ती चिकाटीने लिपी सोडवते. स्त्री समजून घ्यायची वेळ आली की मात्र तिला तयार भाषांतर हवे असते.

या भाषांतरयंत्राचा शोध परदेशी मालिकांतून लागला असे समजले जाते. त्याचा जुना नमुना वैनगंगेच्या खोऱ्यात आहे. भवभूतीचे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. हे गाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते आणि १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून ते गोंदिया जिल्ह्यात आहे. आठव्या शतकातल्या या नाटककाराचे ‘मालतीमाधव’ हे प्रकरण विज्ञानकथेच्या चर्चेत आणणे काहींना ओढाताण वाटेल. पण त्यातली सामग्री पाहावी. अमात्याची कन्या राजाच्या मर्जीतल्या माणसाला दिली जाणार आहे. तिचा प्रियकर अलौकिक साहाय्य मिळवण्यासाठी स्मशानात नरमांस विकायला उभा आहे. अघोरघंट नावाचा कापालिक तिचा बळी द्यायला निघाला आहे. त्याची शिष्या कपालकुंडला तिला पळवून श्रीपर्वतावर नेते आणि योगसामर्थ्याने आकाशमार्गे संचार करणारी सौदामिनी तिला सोडवते. या साऱ्याची सूत्रे हलवते कामंदकी नावाची वृद्ध बौद्ध परिव्राजिका. याच वैनगंगेच्या काठी पवनीला १९६९-७० च्या उत्खननात स्तूपांचे अवशेष उजेडात आले, ही गोष्ट नाटक वाचताना लक्षात असलेली बरी; बौद्ध भिक्षुणी ही इथल्या मातीला परकी आकृती नव्हती.

एवढ्या भिन्न पंथांच्या गर्दीत प्रेमी युगुल मात्र एकाच वर्तुळातले आहे. दोघांचे बाप सहाध्यायी, दोघेही अमात्य, मुलांचे लग्न करण्याचा शब्द त्यांनी विद्यार्थिदशेतच एकमेकांना दिलेला. सीमा ओलांडते ती सौदामिनी: ती कामंदकीची पूर्वीची शिष्या आणि नंतर श्रीपर्वतावर वेगळ्याच साधनेला लागलेली. तिची गोष्ट सांगायला भवभूतीला अंक मिळाला नाही. रंगमंचावर जे खरे संस्कृत्यंतर घडले आहे ते नेपथ्यात आणि जे घडलेलेच नाही ते प्रकाशात, ही वाटणी आजच्या परग्रहप्रेमाच्या कथांनी जशीच्या तशी उचलली आहे.

मुद्दा भाषेचा आहे. ‘मालतीमाधवा’त माधव संस्कृत बोलतो आणि मालती प्राकृत. नायक-नायिका भिन्न भाषांत बोलतात, एकमेकांचे शब्द न् शब्द समजतात आणि यात काही नवल आहे असे नाटकात कोणालाच वाटत नाही. भाषाभेद इथे अडसर नसून दर्जाचा निर्देश आहे. त्यातही कामंदकी स्त्री असूनही संस्कृत बोलते, कारण ती संसारातून बाहेर पडलेली आहे. म्हणजे प्राकृत ही स्त्रीची नव्हे, संसारातल्या स्त्रीची भाषा झाली. आता या नाटकाची छापील प्रत उघडावी. मालतीच्या प्रत्येक प्राकृत वाक्याखाली त्याची संस्कृत ‘छाया’ दिलेली असते. पदव्युत्तर वर्गातला विद्यार्थी बहुधा ती छायाच वाचतो. प्राकृताकडे त्याचे लक्ष परीक्षेत व्याकरणाचा प्रश्न येण्याची शक्यता असेल तेवढ्यापुरते जाते. नायिकेचा आवाज वगळून तिचा अर्थ तेवढा उचलण्याची ही सोय शतकानुशतके पांडित्याने जोपासली आहे. कानामागचे भाषांतरयंत्र म्हणजे ही छायाच होय. फरक इतकाच की संस्कृत प्रतीत मूळ प्राकृत वाक्य वर शाबूत राहते आणि इच्छा असेल त्याला ते वाचता येते. विज्ञानकथेत फक्त छाया छापलेली असते.

मराठीत ही छाया विशेष महाग पडते, याचेही भान लेखकांना दिसत नाही. इंग्रजीत परग्रहवासी प्रथमपुरुषात शेकडो वाक्ये बोलून आपले लिंग झाकून ठेवू शकतो. मराठीत ‘मी येते’ किंवा ‘मी येतो’ यांपैकी एक निवडल्यावाचून पहिले क्रियापदच पुरे होत नाही. ही निवड यंत्राने कशावरून केली? बरे, मराठीतही हा नियम एकजिनसी नाही. कोल्हापूरकडच्या बायका खुशाल ‘मी येतो’ म्हणतात. मग परग्रहावरच्या स्त्रीसाठी यंत्राने पुण्याचे क्रियापद का उचलले आणि कोल्हापूरचे का नाही? त्यानंतर येतो ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांचा पेच. पृथ्वीवरचा वैज्ञानिक परग्रहकन्येला पहिल्या भेटीत ‘तू’ म्हणतो आणि ती त्याला ‘तुम्ही’ म्हणते, असे ज्या कथेत घडते तिथे तिचा ग्रह कोणताही असो, तिचे सासर ठरलेले आहे. एका सर्वनामाने दोन ग्रहांतल्या सत्तेचा हिशेब मिटवून टाकला आणि वाचकाला तो नैसर्गिक वाटला. भाषांतरयंत्राला निःपक्षपाती मानणाऱ्या समीक्षेने या सर्वनामांची एकदा शिरगणती करावी.

यंत्र लिंग ठरवते आणि लिंग ठरले की प्रेम ठरते, याचे निर्लज्ज म्हणावे इतके स्पष्ट उदाहरण ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेत आहे. १९६७ साली प्रक्षेपित झालेल्या ‘मेटॅमॉर्फसिस’ या भागात एका निर्जन ग्रहावर अडकलेल्या कॉक्रेन नावाच्या माणसाची काळजी एक ढगासारखे, निराकार अस्तित्व घेत असते. कप्तान कर्क भाषांतरयंत्र जोडतो आणि त्या ढगाला बाईचा आवाज फुटतो. स्त्री आणि पुरुष या संकल्पना विश्वभर समान असल्याने यंत्राने तसे ओळखले, असा खुलासा दिला जातो. त्या आवाजामुळेच सर्वांना उमगते की हे प्रेम आहे. कॉक्रेनला आधी शिसारी येते. ती केव्हा जाते, तर तो ढग एका मरणासन्न पृथ्वीकन्येच्या देहात शिरून हाडामांसाचा होतो तेव्हा. मराठी समीक्षेने मागितलेली ‘हाडामांसाची पात्रे’ इथे अक्षरशः मिळाली आहेत. परक्याने आपले परकेपण टाकून आपल्या घरच्या बाईचे शरीर धारण केले की त्याच्यावर प्रेम करता येते, असा याचा अर्थ. असल्या कथांना संस्कृतिसंगमाच्या कथा म्हणून गौरवणारे लेख दोन्ही भाषांत लिहिले गेले.

याच्या उलट टोकाला उर्सुला ले ग्विन यांची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) ही कादंबरी आहे. गेथेन या बर्फाळ ग्रहावर गेलेला दूत गेन्ली आय आणि तिथला पदच्युत प्रधानमंत्री एस्ट्राव्हेन यांच्यातला जिव्हाळा हा तिचा गाभा. दूताला भाषा येते. तो ती शिकून आलेला आहे. तरीही अर्धी कादंबरी तो एस्ट्राव्हेनला विश्वासघातकी समजतो, कारण प्रतिष्ठेचा जो संकेत तिथे प्रत्येक वाक्यामागे उभा असतो त्यानुसार उघड सल्ला देणे हा समोरच्याचा अपमान ठरतो आणि एस्ट्राव्हेन त्याला आडवळणाने सावध करत असतो. शब्द कळतात, वाक्य कळते, बोलणे कळत नाही. पुढे हिमनदीवरच्या प्रवासात गेन्ली त्याला मनोभाषा शिकवतो, जिच्यात खोटे बोलता येत नाही. समीक्षेला भाषांतरयंत्राची सर्वोच्च अवस्था अशीच काहीशी अपेक्षित असावी. पण एस्ट्राव्हेनच्या मनात गेन्लीचे शब्द उमटतात ते त्याच्या मृत भावाच्या आवाजात. थेट मनाशी मन भिडले तरी मध्ये एका घराण्याचा इतिहास, एक निषिद्ध नाते आणि एक मृत्यू उभा असतो. त्या आवाजाने एस्ट्राव्हेन हादरतो आणि वाचकाला प्रथमच जाणवते की या दोघांत किती अंतर होते आणि ते किती कापले गेले. दोघांच्या देहांचे मीलन लेखिका होऊ देत नाही. त्यांच्यातले प्रेम भेदातून आलेले आहे, साम्यातून नव्हे, हे तिला वाचकाच्या हातून निसटू द्यायचे नाही.

पाश्चात्य दाखल्याने ज्यांचे समाधान होत नाही त्यांच्यासाठी महाभारताच्या आदिपर्वातले कच-देवयानीचे आख्यान आहे. देवांकडे संजीवनी नाही, असुरांच्या गुरूकडे आहे. ती मिळवायला शत्रूच्या घरी पाठवलेला तरुण आणि गुरूची कन्या यांची ही गोष्ट. असुर कचाला वारंवार मारतात. अखेरीस त्याची राख मद्यातून शुक्राचार्यांच्याच पोटात जाते. त्याला जिवंत करायचे तर गुरूला मरावे लागणार, म्हणून पोटातल्या शिष्याला विद्या शिकवली जाते आणि तो पोट फाडून बाहेर येऊन गुरूला उठवतो. देवयानी लग्नाची मागणी करते तेव्हा कच नकार देतो, कारण ज्या पोटातून ती आली त्याच पोटातून आता तोही आला आहे. ती त्याची बहीण झाली. विज्ञानकथेकडून ज्याची अपेक्षा करावी ते इथे आहे. एका विद्येने मृत्यूची व्यवस्था बदलली, तिच्यामुळे जन्माची व्यवस्था बदलली आणि त्यामुळे नात्याची नावे बदलून प्रेम अशक्य झाले. अडथळा बापाचा राग किंवा दोन राष्ट्रांचे वैर नाही; तो नव्या विद्येच्या पोटातून निघाला आहे. कच खरेच धर्मसंकटात आहे की विद्या मिळाल्यावर सोयीचे कारण सांगतो आहे, हेही आख्यान उघडे ठेवते. खाडिलकरांनी ‘विद्याहरण’ (१९१३) नाटकात भर दिला तो शुक्राचार्यांच्या मद्यपानावर. मद्यपाननिषेधाच्या काळाला ते साजेसे होते. पण मराठीतल्या पहिल्या मोठ्या विज्ञानप्रेमकथेची शक्यता त्या पेल्यात विरघळली, असे आज मागे वळून पाहताना म्हणावे लागते.

चित्रपटाने या बाबतीत कथेपेक्षा एक पाऊल पुढे टाकले आणि लगेच मागे घेतले. मूळचे नागपूरचे असलेल्या राजकुमार हिरानी यांच्या ‘पीके’ (२०१४) मध्ये परग्रहवासी भाषा शिकतो ती यंत्राने नव्हे. एका वेश्येचा हात सहा तास धरून बसल्यावर तिची भोजपुरी त्याच्यात उतरते. भाषा देहातून येते, कोणाच्या तरी देहातून येते आणि त्या कोणाच्या तरी दर्जासकट येते, हे हिंदी पडद्यावर इतक्या थेटपणे क्वचितच आले असेल. पण ती बाई भाषा देऊन कथेबाहेर जाते. पीके प्रेम करतो ते दिल्लीतल्या वृत्तवाहिनीच्या प्रतिनिधीवर. आणि ती प्रेम करते ते पाकिस्तानी तरुणावर, ज्याच्याशी तिचा गैरसमज एका चिठ्ठीपुरता असतो. भोजपुरीचे काय होते? ती विनोदाची सामग्री होते. प्रेक्षक हसतात ते परग्रहावरून आलेल्या माणसाला नव्हे, तो ज्या बोलीत बोलतो तिला.

हे हसू भंडारा जिल्ह्याला चांगले ओळखीचे आहे. धानाची मळणी आटोपल्यावर मंडईच्या आणि पटाच्या निमित्ताने साकोली, लाखनी, लाखांदूर या भागांत रात्र रात्र नाटके रंगतात. त्या नाटकांत नायक-नायिका पुष्कळदा प्रमाण मराठीत प्रेम करतात आणि विनोदी पात्र झाडीबोलीत बोलते. समोर बसलेले हजारो लोक घरी झाडी बोलतात. त्यांच्या स्वतःच्या बोलीत प्रेम करणारी माणसे त्यांना रंगमंचावर क्वचित दिसतात. संस्कृत नाटकातली नायकाची संस्कृत आणि विदूषकाची प्राकृत ही वाटणी इथे अजून चालू आहे. (भवभूतीने आपल्या नाटकांतून विदूषक हद्दपार केला, ही त्याच्या भूमीतल्या रंगकर्मींनी विचारात घेण्याजोगी गोष्ट.) झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ टिकत नाहीत: पाणी ‘पानी’ होते, डोळा ‘डोरा’ होतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी या बोलीचे शब्द गोळा केले, दंडार आणि खडीगंमत यांची नोंद केली, १९९० च्या दशकापासून झाडीबोलीची स्वतंत्र संमेलने भरू लागली. तरी पुण्यामुंबईच्या अंगणात आलेले यान झाडीपट्टीत उतरले तर काय होईल, हा विचार विज्ञानकथेला सुचत नाही. ते उतरले तर भाषांतरयंत्राला आधी हे ठरवावे लागेल की भाषांतर करायचे ते कोणत्या मराठीत. हा निर्णय करावा लागू नये म्हणूनच ते तिथे उतरत नसावे.

इथे एक प्रतिवाद अपेक्षित आहे. परग्रहप्रेम हे रूपक असते, त्यातून जातीधर्माच्या भिंतींवरच भाष्य होते, तेव्हा भाषेचा काथ्याकूट कशाला, असे म्हटले जाईल. या प्रतिवादात दोन गृहीते लपलेली आहेत. पहिले असे की ‘संघर्ष’ म्हणजे दोन तुल्यबळ बाजूंची टक्कर. सॅम्युएल हंटिंग्टन यांच्या १९९३ च्या लेखापासून ‘संस्कृतींचा संघर्ष’ हा शब्दप्रयोग इतका सैल झाला की कोणत्याही अन्यायाला तो घालता येतो. दुसरे गृहीत असे की रूपकामुळे वाचक अधिक धीट होतो. अनुभव उलट आहे. निळ्या त्वचेच्या मुलीशी लग्न करायला वाचक तात्काळ मान्यता देतो, कारण त्या मान्यतेची किंमत त्याच्या घरात कोणालाच द्यावी लागत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजी गावात भोतमांगे या बौद्ध कुटुंबातल्या चौघांची, आई, मुलगी आणि दोन मुलांची, हत्या झाली. त्यानंतर त्या हत्येचे स्पष्टीकरण म्हणून कोणती कुजबुज पसरवण्यात आली? ‘अनैतिक संबंधां’ची. ज्या समाजात संबंधाची नुसती अफवा हत्येच्या समर्थनाला पुरेशी वाटते, तिथे दोन ग्रहांच्या तुल्यबळ टकरीचे रूपक कोणत्या भिंतीवर भाष्य करते? ते भिंतीला क्षितिज म्हणते आणि क्षितिजापलीकडे पाहण्याचा आनंद वाचकाला देते. रूपक म्हणून उभा केलेला परग्रहवासी हा भंडाऱ्याच्या माणसापेक्षा कमी परका असतो, हीच त्याची सोय आहे.

देशीवादाच्या उत्साही अनुयायांना वरचे विवेचन आपल्या बाजूचे वाटण्याचा संभव आहे. विज्ञानकथा हे आयात केलेले कलम आहे, ते या मातीत रुजणारच नव्हते, असा निष्कर्ष काढून ते मोकळे होतील. भालचंद्र नेमाडे यांच्या विचारातली गुंतागुंत बाजूला ठेवून त्यातला शिक्का तेवढा उचलण्याची ही सवय आहे. कच-देवयानीच्या आख्यानाची आणि सौदामिनीची आठवण त्यांनीही ठेवलेली नाही. शिवाय बोली म्हणजे भूतकाळ आणि विज्ञान म्हणजे भविष्यकाळ ही विभागणी दोन्ही बाजूंनी न तपासता स्वीकारली आहे. झाडीबोली दोनशे वर्षांनी कशी असेल, हा प्रश्न देशीवाद्याला पडत नाही, कारण त्याला ती दोनशे वर्षांपूर्वीची हवी असते. विज्ञानकथाकाराला पडत नाही, कारण त्याच्या भविष्यात ती नसतेच.

आणि भविष्य तर या जिल्ह्यात केव्हाच येऊन ठेपले आहे. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. त्या धरणाने नदीकाठच्या मुलखाचे दोन भाग केले आणि सरकारी कागदांनी त्यांना नावे दिली: ‘बुडीत क्षेत्र’ आणि ‘लाभक्षेत्र’. एवढ्या दूरचे दोन ग्रह मराठी विज्ञानकथेने अद्याप कल्पिलेले नाहीत. एकात माणसे आपली गावठाणे, मसणवटे आणि देवाची ठाणी पाण्याखाली ठेवून नव्या वसाहतीत गेली. दुसऱ्यात कालव्याची वाट पाहात धानाची बांधी तयार ठेवून बसली. बोली एक, जेवण एक, मंडई एक. यातले एखादे प्रेम दीडदोनशे वर्षे पुढे नेऊन पाहावे. मुलगी लाभक्षेत्रातली; तिच्या घरी ‘पाणी येणे’ म्हणजे पाट सुटणे, त्या दिवशी गोडधोड करायचे. मुलगा पुनर्वसित वसाहतीतला. त्याच्या घरी ‘पाणी येणे’ म्हणजे घर सोडण्याचा दिवस, आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्यामुळे त्या दोन शब्दांवर घरातल्या म्हाताऱ्या अजून बोलायच्या थांबतात. यंत्राने या वाक्याचे भाषांतर कशातून कशात करावे? दोन्हीकडे शब्द तेच आहेत. पहाटे बांधावर उभी असलेली ती आनंदाने एवढेच म्हणते, ‘पानी आला.’ तो उठून सामान बांधायला लागतो.